शेवटची जागा कोणाची?

नाटकाचें तिकीट काढण्यासाठीं नाट्यगृहाच्या खिडकीपाशीं रांगेंत उभें राहण्याची गरज आतां फारशी उरलेली नाहीं. घरीं बसून पडद्यावर बोट टेकविलें कीं तिकीट हजर. परंतु बोट टेकविल्यापासून तिकीट येईपर्यंत दूरच्या सर्व्हरवर जें कांहीं घडतें, त्यांत दोन दोष वारंवार आढळतात. एकानें आपला वेळ जातो. दुसऱ्यानें एकच जागा दोघांना विकली जाते. आज या दोहोंविषयीं बोलावयाचें आहे.

असे प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी सारें काम मुळारंभापासून करीत नाहींत. मागणी स्वीकारणें, डेटाबेसांतून नोंदी आणणें, त्या पानावर मांडणें, हीं नेहमींचीं कामें करून देणारी एक तयार चौकट तीं घेतात. तिला फ्रेमवर्क म्हणतात. उदाहरणादाखल मी जँगो ही चौकट घेतों. तिचा जन्म अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत, लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरींत, सन २००३ मध्यें झाला. २००५ च्या जुलैंत ती सर्वांना खुली करण्यांत आली. नांव ठेविलें तें जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचें. वृत्तपत्राचें काम आजचें आजच व्हावें लागतें. तेव्हां थोडक्या अक्षरांत पुष्कळ काम उरकण्याचा गुण तिच्या अंगीं जन्मापासूनच आहे, आणि माझ्या मतें पुढील दोन्ही दोषांचें मूळहि याच गुणांत आहे. कारण थोडक्या अक्षरांमागें किती काम दडलें आहे, तें डोळ्यांना दिसत नाहीं.

समजा, एका पानावर ५० नाटकांची यादी द्यावयाची आहे व प्रत्येकापुढें लेखकाचें नांव हवें आहे. नाटकांची नोंद एका कोष्टकांत, लेखकांची दुसऱ्यांत. प्रोग्रॅम लिहिणारा प्रथम नाटकें मागवितो आणि मग ‘नाटक’ या शब्दापुढें एक टिंब देऊन ‘लेखक’ असें लिहितो. त्याच्या दृष्टीनें तें एक टिंब. परंतु जँगो आळशी आहे, म्हणजे गरज पडल्यावांचून ती डेटाबेसाकडे जात नाहीं. लेखकाचें नांव लागलें कीं मग जाते, आणि प्रत्येक नाटकासाठीं निराळी जाते. नाटकांसाठीं १ खेप, लेखकांसाठीं ५०, एकूण ५१. वाण्याकडे सगळी यादी एकदांच न पाठवितां एकेका जिन्नसासाठीं मुलाला पुन्हां पुन्हां पिटाळावें, तसाच हा प्रकार.

लिहिणाऱ्याच्या टेबलावर हें लक्षांत येत नाहीं. तेथें नाटकें चार आणि डेटाबेस त्याच यंत्रांत. प्रत्यक्षांत एका खेपेस २ मिलिसेकंद लागतात असें धरलें, तर ५१ खेपांना सेकंदाचा दहावा हिस्सा लागेल. कोणी तक्रार करणार नाहीं. यादी ५,००० नाटकांची झाली कीं तेंच पान १० सेकंद घेतें. मग पुष्कळ ठिकाणीं अधिक मोठें यंत्र विकत आणतात! खेपा मात्र तितक्याच राहतात.

उपाय जँगोंतच आहे. ‘सिलेक्ट रिलेटेड’ असें सांगितलें कीं डेटाबेस दोन्ही कोष्टकें जोडून एकाच खेपेंत उत्तर देतो. एका नाटकाचे नट मात्र अनेक असतात. तेथें ‘प्रीफेच रिलेटेड’ वापरावें. तें सर्व नाटकांचे सर्व नट दुसऱ्या एकाच खेपेंत आणतें व ज्याचे त्याला वांटून देतें. एका पानास किती खेपा चालतील हें चांचणींतच बांधून टाकण्याची सोयहि आहे. खेपा वाढल्या कीं चांचणी नापास होते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. बाल्कनींत एकच जागा शिल्लक आहे आणि पुण्यांतील व ठाण्यांतील दोन कुटुंबें एकाच क्षणीं ती मागतात. सर्व्हर अनेक मागण्या एकदम हाताळतो. पहिल्या मागणीनें वाचलें, शिल्लक १. दुसरीनेंहि वाचलें, शिल्लक १. दोघींनीं एक वजा करून ० लिहिलें. तिकिटें दोन गेलीं, आणि नोंद शून्य, म्हणजे अगदीं बिनचूक! कोठेंहि त्रुटीचा संदेश नाहीं. भांडण उभें राहतें तें नाट्यगृहाच्या दारांत, जेथें दोघांच्याहि हातांत खरींच तिकिटें असतात. हीच शेवटची जागा रुग्णालयांतील तपासणीची असली म्हणजे प्रकरण भांडणावर थांबत नाहीं.

सगळें काम एका ट्रॅन्झॅक्शनमध्यें गुंडाळलें कीं झालें, असा समज फार आहे. तो अपुरा आहे. ट्रॅन्झॅक्शन म्हणजे सगळें घडेल किंवा कांहींच घडणार नाहीं, एवढी हमी. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसांत नेहमींच्या मांडणींत दोघांनीं एकच आंकडा वाचण्यास तिची हरकत नसते. खरा उपाय असा कीं वजाबाकी आपण करूंच नये, डेटाबेसाकडून करवावी. जँगोंत त्यासाठीं ‘एफ’ नांवाची रचना आहे. ‘शिल्लक १ किंवा अधिक असेल तरच १ वजा कर’ अशी अट घालून आज्ञा द्यावी. किती ओळी बदलल्या तें उत्तर येतें. १ आलें तर तिकीट द्यावें, ० आलें तर जागा संपल्याचें नम्रपणें सांगावें.

हिशेब गुंतागुंतीचा असेल तर ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ नें ती ओळ कुलूपबंद करतां येते. पहिल्याचें काम पुरें होईतों दुसरा थांबतो. येथें मात्र ट्रॅन्झॅक्शन हवेंच. आणि एक खांच आहे: नव्या कामास जँगो आपण होऊन जो एसक्यूलाइट डेटाबेस देते, त्यावर या कुलुपाचा कांहींच परिणाम होत नाहीं, व तसें सांगितलेंहि जात नाहीं. म्हणून चांचणी त्याच जातीच्या डेटाबेसावर घ्यावी, ज्यावर पुढें तिकिटें विकावयाचीं आहेत.

राहिलें तिकिटाचें पत्र. तें ट्रॅन्झॅक्शन चालू असतांनाच धाडलें आणि नंतर व्यवहार रद्द झाला, तर गेलेलें पत्र परत आणतां येत नाहीं. त्यासाठीं ‘ऑन कमिट’ आहे. नोंद पक्की झाल्यावरच तें पत्र टपालांत टाकतें.