पणजीत विजेच्या सायकलवर

पणजी शहर खरं दिसतं ते सायकलवरून. पण आल्तिन्योची टेकडी आडवी आली की पायांत गोळे येतात. इथे विजेची सायकल कामी येते. पॅडल मारत राहिलात की मोटर मागून हलकेच रेटा देते.

सायकल भाड्याने घेताना एक प्रश्न जरूर विचारा, मोटर किती वॅटची? २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या गाडीला कायद्याने परवाना लागत नाही. त्याहून दमदार गाडी असेल, तर परवाना आणि हेल्मेट हवंच. दोन्ही ब्रेक दाबून पाहा, बॅटरी पूर्ण भरलीय ना तेही बघा. चढ आणि समोरचा वारा तिला भराभर खातात.

सकाळी लवकर फोंतायन्यां या वस्तीत शिरा. अरुंद गल्ल्या, पिवळ्या-निळ्या भिंती, दारांशेजारी रंगीत फरशांवर लिहिलेली घरांची नावं. ही माणसांची राहती घरं आहेत, तेव्हा हळू आणि गुमान जा. मग मळा या भागातून मारुतीच्या देवळाकडे चढा. खाली उतरलात की मांडवीच्या काठाने कांपाल, चार्ल्स कोरियांनी रचलेली कला अकादमी आणि पुढे मिरामारची पुळण. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी इथेच आहे.

पुळणीवर मात्र गाडी घालू नका, गोव्यात त्याला मनाई आहे. शिवाय खारी वाळू चेनमध्ये गेली की कुरकुर सुरू झालीच म्हणून समजा. सायकल रस्त्यालगत कुलपात ठेवा आणि अनवाणी पाण्याकडे निघा.