कुटुंबाचा फड आणि कलावंताचा हक्क



दसरा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नागपूरची दीक्षाभूमी उभी राहते, आणि वैशाखी पौर्णिमा म्हटली की बुद्धजयंती. महाराष्ट्रात काही कुटुंबे अशीही आहेत की, ज्यांचे वर्ष याच दोन तिथींनी मोजले जाते. तमाशाचा फड दसऱ्यास बाहेर पडतो व बुद्धपौर्णिमेस परत फिरतो. मधल्या काळात आज या जत्रेत तर उद्या त्या जत्रेत कनात उभी राहते. रात्री गण, गौळण, बतावणी आणि वग. दिवसा ट्रकमध्ये पेट्या, ढोलकी व लेकरे यांच्या दाटीत मिळेल तेवढी झोप. पावसाळ्यात मात्र पुढल्या हंगामाची उचल घेऊन पोट भरावयाचे.

तमाशाचा विषय आपल्या सभेत कशाला, असे काहींना वाटेल. आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी गावकीची हलगी वाजविली. ती आपण टाकली ते योग्यच झाले. १९५८ च्या कायद्याने महारकीची वतनेही गेली. परंतु जातीने लादलेले वाजविणे निराळे आणि कलावंताने स्वतःच्या गुणावर मिळविलेली भाकरी निराळी. पहिल्याचा धिक्कार करताना दुसऱ्याकडे नाक मुरडणे मला न्यायाचे वाटत नाही. त्या भाकरीत न्याय किती आहे, एवढेच मला आज पाहावयाचे आहे.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव आपणांस ठाऊकच आहे. त्यांचा जन्म १९३५ साली पंढरपुरी झाला, म्हणून नाव विठा. आजोबा नारायण यांनी फड घातला. वडील भाऊ व चुलते बापू यांच्या नावाने तो गाजला. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनीही पुढे स्वतःचा फड चालविला, आणि नातू नितीनकुमार त्याच रंगमंचावर उभे राहिले. अशा घरात मुलीस गाणे शिकविण्यासाठी गुरू शोधावा लागत नाही. तिचा पाळणाच ढोलकीच्या शेजारी असतो. शाळा मात्र कोणत्या गावची धरावी? जेथे कनात एक रात्र, तेथे हजेरीपटावर नाव कसे राहणार?

विठाबाईंविषयी एक हकीकत सर्वत्र सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या खेळात उभ्या होत्या. वेणा सुरू झाल्या तेव्हा त्या कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा रंगमंचावर आल्या. प्रेक्षकांच्या ध्यानात प्रकार आला तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबविला. लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मी वकील, माझ्या मनात दुसराच प्रश्न येतो. त्या रात्री त्यांना उभे राहावयास कोणी लावले?

बाळंतिणीस प्रसूतीनंतर सहा आठवडे कामास लावू नये, असे १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने ठरविले होते. १९७३ च्या दुरुस्तीने तर घोड्यांचे, कसरतींचे व तत्सम खेळ करून दाखविणाऱ्या आस्थापनाही त्यात आल्या. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. परंतु कायदा विचारतो, मालक कोण आणि नोकर कोण? कुटुंबाच्या फडात मालक म्हणजे बाप, पुढे आई, पुढे भाऊ. मुलगी पगार मागत नाही, सून हिशेब विचारीत नाही. तिचे नाव ना पगारपत्रकावर, ना मालकीच्या कागदावर. नात्याच्या मायेने कामाचे नाते झाकले जाते, आणि हक्क त्या दोहोंच्या मधल्या फटीत पडतो. खेळ न झाल्यास सुपारी बुडणार, सावकाराचे व्याज चढणार, वीस-पंचवीस चुली विझणार. हे घरच्या मुलीइतके कोणास ठाऊक असते? तिला हुकूम करण्याची गरजच पडत नाही.

दुसरी गोष्ट उचलीची. फडमालक सावकाराकडून काढतो, कलावंत फडमालकाकडून. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि तोच टाळेबंदीचा पहिला दिवस ठरला. पाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांत गावोगावचे पंच सुपाऱ्या देतात. त्या वर्षी जत्राच भरल्या नाहीत. उचल मात्र कधीच खर्च झाली होती. उचल घेणे हा अपराध नव्हे. पण उचल दिली एवढ्यावरून माणसाची दुसरीकडे कामास जाण्याची मोकळीक काढून घेतली व त्यास नाममात्र मजुरीवर राबविले, तर १९७६ च्या कायद्याने ती वेठबिगारी होय, आणि असले कर्ज फेडण्याचे बंधन उरत नाही.

बाप वारला म्हणजे त्याची उचल मुलाच्या माथी, हीही समजूत सोडा. बापाकडून जेवढी मालमत्ता हाती आली तेवढ्यापुरतीच जबाबदारी. पितृऋण फेडणे हे पुत्राचे पवित्र कर्तव्य, एवढ्याच आधारावर सावकारास न्यायालयात जाता येत असे. २००५ च्या दुरुस्तीनंतर झालेल्या कर्जास तो आधार राहिला नाही. तो उत्तराधिकार कायदा वारसाच्या बाबतीत बौद्धांनाही लागू आहे, हे आपल्यापैकी कित्येकांना माहीत नसते.

विठाबाईंना १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या वारल्या तेव्हा रुग्णालयाचे बिल देणगीदारांच्या पैशातून चुकते करावे लागले. २००६ पासून शासन त्यांच्याच नावाने तमाशा कलावंतास जीवनगौरव पुरस्कार देते. मानपत्राने औषधाची चिठ्ठी फिटत नाही, एवढे त्यांच्या घराने अनुभवले.

आपल्या घरातील मुले भीमगीतांचे, कव्वालीचे कार्यक्रम करीत गावोगाव फिरतात. बाप पेटीवर, मुलगी गाण्यास, जावई ढोलकीवर. त्यांनाही हेच लागू. प्रत्येकाचा वाटा कागदावर लिहा, मुलीचा व सुनेचाही, आणि तो तिच्याच खात्यात जमा करा. कार्यक्रम ध्वनिमुद्रित करावयास कोणी आला तर सही करण्यापूर्वी वाचा. गाणाऱ्याचा व वाजविणाऱ्याचा स्वतंत्र हक्क १९९४ पासून कायद्यात आहे व २०१२ साली तो बळकट झाला. करार वाचून घेण्यास वकिलाची फी नसेल तर तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना व अनुसूचित जातींच्या लोकांना तेथे उत्पन्नाची अट न घालता विनामूल्य साहाय्य मिळते. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींतून आलेले बौद्धही त्यात आहेत. जाताना जातीचा दाखला आणि फडमालकाशी वा आयोजकाशी झालेला जो काही कागद असेल तो, चिठ्ठीचा तुकडा असला तरी, बरोबर न्या.