तारेला ओवलेली कार्डं



तुम्हाला आलेल्या निमंत्रणाच्या कार्डावर ‘शिळफाटा, खोपोली’ या शब्दांखाली ४१०२०३ हा पिनकोड ठळक लिहिलेला होता. तो तसा लिहिणं भागच होतं, कारण शिळफाटे दोन. एक ठाण्याच्या बाजूचा, कल्याणच्या रस्त्यावरचा. नाव घेतलं की लोकांना तोच आठवतो. दुसरा हा आपला, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा, बोरघाटाच्या पायथ्याचा. दोन सारख्या नावांची गावं पत्त्यावर नेमकी ओळखता यावीत म्हणून सहा आकड्यांची ही युक्ती काढली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती देशभर लागू झाली. वेलणकर टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १९७३ साली दिल्लीत ‘इंडिपेक्स’ हे जागतिक तिकीट प्रदर्शन भरलं, त्याचेही अध्यक्ष तेच होते. आपण संग्राहक, त्यामुळे आजची सुरुवात त्यांच्या स्मरणाने करावी असं मला वाटतं.

मला आज बोलायचं आहे ते कार्डांच्या सूचीबद्दल. पण आधी एका तारेची हकीकत सांगतो.

खालापूरजवळच्या एका गावात माझ्या मामांचं घर होतं. ओटीवरच्या खुंटीला एक तार टांगलेली असायची. खालच्या टोकाला लाकडाची चकती, वर आकडा. कार्ड आलं, सगळ्यांना वाचून दाखवलं, की मामा ते मधोमध टोचून तारेत ओवायचे. तार भरली की माळ्यावर जायची आणि खुंटीला नवी लागायची. मामा गेल्यावर मामींनी तीन भरलेल्या तारा माझ्या हाती दिल्या. मी तेव्हा नुकताच कॅटलॉग वापरायला शिकलो होतो. दोन रविवार बसून मी तिन्ही तारांवरची सगळी कार्डं ओढून काढली. पाव आणा, अर्धा आणा, पाऊण आणा, पाच नये पैसे असे गठ्ठे केले. राजाचा चेहरा, शाईची छटा, अक्षरांचं वळण पाहून प्रत्येकाला क्रमांक दिला आणि अल्बममध्ये लावली.

पुढे कित्येक वर्षांनी ती वाचायला घेतली तेव्हा काय केलं ते कळलं. निम्म्याहून जास्त कार्डांवरचा शिक्का पुसट आहे. आत तारीख म्हणून नुसतं ‘मिती आषाढ वद्य ५’ असं लिहिलेलं, साल नाही. घरातल्या माणसाला घरातलं माणूस साल कशाला लिहील! ते साल मला वरच्या आणि खालच्या कार्डावरून काढता आलं असतं. चकतीजवळचं कार्ड सगळ्यात जुनं, आकड्याजवळचं सगळ्यात नवं, इतका साधा तो हिशेब. एका कार्डात कुणीतरी ‘बाळ आता उभा राहतो’ असं लिहिलं आहे. कुठला बाळ, हे आता सांगणारं कुणी नाही. तारेवर ते सहज कळलं असतं. मामांनी आयुष्यभर लावलेली सूची मी दोन रविवारांत मोडली. ती चूक दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ नये, म्हणून मी आज इथे उभा आहे.

आता छापील सूचीकडे येतो, कारण तिच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. आपल्यातले बरेच जण तिकिटांपासून सुरुवात करतात आणि स्टॅन्ली गिबन्सची जाड सूची उघडतात. तिथे तिकिटं आहेत, कार्डं नाहीत. कार्ड, छापील मुद्रेचं पाकीट, इनलँड, रजिस्टरचं पाकीट, जबाबी कार्ड या सगळ्यांना वेगळं दार आहे. बर्लिनच्या डॉ. सीगफ्रीड आशर यांनी १९२५ पासून या सगळ्या जगाची जर्मन सूची छापायला सुरुवात केली. पुढे अमेरिकेत हिगिन्स आणि गेज यांची जागतिक सूची निघाली. तिच्यातल्या किमती कधीच जुन्या झाल्या, पण क्रमांक अजून सगळे वापरतात. साधं कार्ड असेल तर नुसता आकडा, पाकीट असेल तर आधी ‘बी’. अमेरिकेतल्या कार्डांसाठी तिथल्या पोस्टल स्टेशनरी सोसायटीची स्वतंत्र सूची आहे. साध्या कार्डाला ‘एस’, जबाबी कार्डाला ‘एमआर’, आणि पुढे कागदाचा रंग, मुद्रेतला बारीक फरक, छपाईची चूक, असं एकेका कार्डाचं पोट फाडून दाखवलेलं. अशी सूची हाताळली की डोळा तयार होतो. सारखी दिसणारी दोन कार्डं सारखी नसतात, हे तिच्याशिवाय कुणी शिकवत नाही.

उदाहरणादाखल आपलं पहिलंच कार्ड घ्या. जगातलं पहिलं कार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत १ ऑक्टोबर १८६९ रोजी निघालं. एमान्युएल हेरमान नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची ती कल्पना. दोन ओळींच्या निरोपाला पाकीट, लाख आणि पूर्ण टपालखर्च कशाला, हा त्यांचा प्रश्न होता. आपल्याकडे कार्ड आलं १ जुलै १८७९ ला. देशात पाठवायचं ते पाव आण्याचं, म्हणजे एका जुन्या पैशाचं, तांबूस तपकिरी रंगात. परदेशी जाणारं दीड आण्याचं, निळं. दोन्ही लंडनच्या थॉमस डी ला रू कंपनीने छापलेली. उजव्या कोपऱ्यात राणीचं मस्तक, वर ‘ईस्ट इंडिया पोस्ट कार्ड’, आणि खाली इंग्रजीत ताकीद की या बाजूला फक्त पत्ता लिहावा. ज्याला इंग्रजी येत नव्हतं त्याने ती ताकीद वाचली नाही, आणि पत्त्याच्या शेजारी दोन ओळी मोडीत लिहून टाकल्या. सूचीला राणीचं मस्तक दिसतं. त्या दोन मोडी ओळी तिला दिसत नाहीत.

मला म्हणायचं आहे ते इथेच. छापखान्याने काय केलं ते सूची सांगते, माणसाने काय केलं ते सांगत नाही. आणि आपल्या कर्जत-खालापूरच्या कार्डांवर माणसाने फार काही केलेलं आहे.

पत्ता पाहा. कार्ड निघालं तेव्हा कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये त्याचं वर्णन आहे, खालापूर पेट्यासकट, म्हणजे तालुक्याच्या त्या पोटविभागासकट. पुढे तो कुलाबा जिल्ह्यात आला. १ जानेवारी १९८१ ला कुलाब्याचं रायगड झालं. म्हणजे एकाच गावातलं एकच घर, उंबरठा न हलवता, तीन जिल्ह्यांत राहून आलं. ‘जि. ठाणे’, ‘जि. कुलाबा’, ‘जि. रायगड’ या तीन शब्दांवरून शिक्का वाचता न येणारं कार्डसुद्धा आपल्याला काळाशी बोलायला लावतं. आणि म्हाताऱ्या माणसांनी १९८१ नंतरही हट्टाने ‘कुलाबा’च लिहिलेलं असतं. तेही टिपायला हवं. तीच गोष्ट पिनकोडच्या चौकटींची. कार्डावर सहा चौकटी छापून आल्या, पण आमच्याकडच्या किती कार्डांवर त्या कोऱ्या राहिल्या आहेत! पोस्टमन ओळखीचा होता, आकडे कुणासाठी लिहायचे?

रस्ता पाहा. रेल्वे १८५६ साली इथवर आली. इंग्रज आपल्या खोपोलीला कॅम्पूली म्हणत. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, आणि मधला घाट रुळांनी जोडला गेला १८६३ मध्ये. मधली पाच वर्षं मुंबई-पुण्याचा माणूस आणि त्याचं पत्र, दोघंही इथे गाडीतून उतरून घाट चढत होते आणि वर पुन्हा गाडीत बसत होते. ते कार्डाच्या आधीचे दिवस, म्हणून त्या वेळची घडीची पत्रं ज्यांच्याकडे असतील त्यांनी पाठीवरचे शिक्के भिंगाखाली जरूर बघावेत. जुन्या कार्डांवर निघाल्याचा आणि पोचल्याचा, असे दोन्ही शिक्के असायचे. दोन तारखांची वजाबाकी केली की पत्राला किती दिवस लागले ते कळतं. पावसाळ्यातली वजाबाकी आणि उन्हाळ्यातली वजाबाकी शेजारी मांडली तर आपल्या घाटाचा इतिहास हातात येईल.

आणि हळद-कुंकू. लग्न ठरल्याच्या कार्डाच्या चारही कोपऱ्यांना बोटं लावलेली असतात. लिलावात असं कार्ड ‘डागाळलेलं’ म्हणून स्वस्तात जातं. माझ्या मते त्याची किंमत कोऱ्या कार्डाच्या वर असायला हवी. तारेचं भोक पडलेलं कार्ड ‘खराब’ समजलं जातं. ते भोक म्हणजे कार्ड घरी पोचलं, वाचलं गेलं आणि जपलं गेलं याची साक्ष आहे. याच्या उलट, मृत्यूची बातमी आणणारं कार्ड तारेवर कधीच चढलं नाही. वाचलं, अंघोळ केली आणि फाडून टाकलं. म्हणून तशी कार्डं आपल्या कुणाच्याच संग्रहात जवळजवळ नाहीत. घराघरांतून सगळ्यात जास्त धाकाने हातात घेतलेलं कार्ड तेच, आणि तेच कुठे उरलेलं नाही. तीन तारांमधली किती भोकं त्या कार्डांची असायला हवी होती, याचा विचार करताना मी पुष्कळदा थांबतो.

जबाबी कार्डाचं दुःख वेगळं. दोन कार्डं एकमेकांना जोडलेली, एक निरोपाचं, दुसरं उत्तरासाठी, आधीच पैसे भरलेलं. त्यांचं काम तुटण्याचंच, त्यामुळे जोड शाबूत असलेलं वापरलेलं कार्ड विरळा. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी कृपा करून घडीवर सेलोटेप लावू नये. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि कागदात उतरतो. लॅमिनेशन तर नकोच. खोपोलीच्या पावसात अल्बम उघडूच नये. उघडायचा तो दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत.

अजून एक विनंती, आणि ती हात जोडून. कार्डावरची छापील मुद्रा चौकोन कापून काढू नका. आपल्या आधीच्या पिढीने तिकिटांच्या वहीत चिकटवण्यासाठी हजारो कार्डं अशी कापली. राणीचं डोकं उरलं, निरोप केराच्या टोपलीत गेला. शाळेतल्या मुलांच्या हातात जुनी कार्डं देण्याआधी त्यांना हे सांगा.

मराठीत सूचीच्या कामाची परंपरा लहान नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ केली आणि १९४३ मध्ये ती छापून आली. त्यांच्यामागे मोठं खातं नव्हतं. त्याआधी इतिहासाचार्य राजवाडे दप्तरं शोधत गावोगाव हिंडले. मग पाव आण्याच्या कार्डावर मराठी माणसाने काय लिहिलं, कुठल्या लिपीत लिहिलं, याची सूची आपण का करू नये? ती लंडनला किंवा न्यूयॉर्कला होणार नाही. मोडी वाचणारे, पेटा म्हणजे काय ते जाणणारे आपणच आहोत. कार्डं १९२५ मध्ये उभ्या राहिलेल्या नाशिकरोडच्या छापखान्यातून येऊ लागली, म्हणजे छपाईचा धागाही आपल्या दारातला आहे.

उशीर करून चालणार नाही. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. शेवटच्या दिवशी लोकांनी रांगा लावून तारा केल्या, पण रोजच्या वापरातला साधा कोरा फॉर्म किती जणांनी ठेवला? २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. कोर्टकचेऱ्यांच्या निमित्ताने घराघरात आलेली, निळ्या रेघांची फुली असलेली रजिस्टरची पाकिटं आता कपाटांतून बाहेर फेकली जातील. पत्त्याच्या बाजूला जाहिरात छापलेली ‘मेघदूत’ कार्डं २००२ पासून पंचवीस पैशांना मिळत होती. त्यांवरच्या मराठी जाहिरातींची पुरती यादी माझ्या पाहण्यात नाही. पन्नास पैशांचं साधं कार्ड आजही आहे. ते छापून पोचवायला सरकारला त्याच्या कितीतरी पट खर्च येतो. तरी ते चालू आहे, याबद्दल आपण कृतज्ञ असावं, आणि दर महिन्याला दोन-चार विकत घेऊन खरोखर पाठवावीत.

माझी मागणी म्हणून एवढीच आहे. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांपुरती, इथून गेलेल्या आणि इथे आलेल्या कार्डांची एक मराठी सूची आपण सुरू करावी. हिगिन्स-गेजचा क्रमांक पहिल्या रकान्यात राहू द्या, तो हवाच. पुढच्या रकान्यांत कुठून, कुठे, दोन्ही शिक्क्यांच्या तारखा, पत्त्यातला जिल्हा, लिपी, कुंकू आहे की नाही, आणि शेवटी तारेवरची जागा. तार मिळाली तर आधी तिचा उभा फोटो काढा. मग चकतीकडून मोजत प्रत्येक कार्डाच्या मागे मऊ पेन्सिलीने बारीक आकडा घाला, आणि नंतरच एकेक कार्ड उतरवा. ज्यांच्या घरच्या चिठ्ठ्या खाजगी आहेत त्यांनी मजकूर देऊ नये. बाहेरची बाजू दिली तरी पुष्कळ आहे.

मागच्या टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे आणि तिचे रकाने मी काल रात्री आखले आहेत. आज सकाळी एक आजी नातवाबरोबर आल्या. नेरळच्या जुन्या घरातली तार त्यांनी पेपरात गुंडाळून आणली आहे. वरचा आकडा गंजला आहे, चकती शाबूत आहे. त्यांच्या परवानगीने मी ती फक्त उजेडात धरून पाहिली, एकही कार्ड हलवलेलं नाही. जेवण झालं की टेबलाजवळ या. मोडी वाचणारे पुढे बसा, ज्यांची नजर चांगली आहे त्यांनी शिक्के वाचावेत. चकतीजवळच्या कार्डापासून सुरुवात करू.