पदकाच्या कडेवरची ओळ

कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या असोद्याच्या व्यासपीठावरून तोफखान्याच्या पदकांचा विषय निघाला म्हणून कोणी बिचकू नये. बहिणाबाईंच्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, वेळीच उतरवून घेतल्या म्हणून त्या आज आपल्याजवळ आहेत. उतरवून न घेतलेल्या मजकुराचं आणखी एक भांडार खेड्यापाड्यांतल्या ट्रंकांत पडून आहे: युद्धपदकांच्या कडा. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण एवढंच त्या कडेवर असतं, आणि कित्येक शिपायांबद्दल लेखी उरलेलं तेवढंच आहे.

ही ओळ काय काय सांगू शकते, ते मैवंदवरून कळतं. 27 जुलै 1880 रोजी कंदाहारच्या पश्चिमेला मैवंद इथे इंग्रजांच्या फौजेचा दारुण पराभव झाला. तिच्यात मुंबई लष्कराच्या पलटणी मोठ्या संख्येने होत्या. बहिणाबाईंच्या जन्माला तेव्हा महिनाही उरला नव्हता. अफगाण युद्धाच्या पदकावर अली मशीद, काबूल, कंदाहार अशा नावांच्या पट्ट्या लागल्या. मैवंदची पट्टी निघालीच नाही. हरलेल्या लढाईची पट्टी कोण काढणार? तिथे लढलेला माणूस शोधायचा तर पदक हातात धरून कड फिरवावी लागते. ‘ई/बी, आर. एच. ए.’ अशी अक्षरं दिसली की समजावं, हा रॉयल हॉर्स आर्टिलरीच्या बी ब्रिगेडमधल्या ई बॅटरीचा गोलंदाज. हीच बॅटरी मैवंदहून लढत, तोफा वाचवत मागे आली. तिच्यातल्या जेम्स कॉलिसला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि 11 जुलै 1881 रोजी पुण्यात सर फ्रेडरिक रॉबर्ट्स यांनी तो त्याला दिला. त्या क्रॉसचं लेखन मागच्या बाजूला असतं: वरच्या दांडीच्या पाठीवर नाव आणि तुकडी, क्रॉसच्या पाठीवर पराक्रमाची तारीख.

पहिल्या महायुद्धात मात्र हा तपशील आटला. 1914-15 च्या तारा-पदकाच्या सपाट पाठीवर ब्रिटिश गोलंदाजाची शाखा तरी येते: आर. एफ. ए. म्हणजे मैदानी तोफखाना, आर. जी. ए. म्हणजे किल्ल्यांचा आणि अवजड तोफांचा. पण त्याच माणसाच्या चांदीच्या युद्धपदकावर नि ब्राँझच्या विजयपदकावर नुसतं ‘आर. ए.’ कोरलेलं. ना बॅटरी, ना ब्रिगेड. ज्या तोफेपाशी माणसाने चार वर्षं काढली, तिचा मागमूस त्या कडेवर नाही. ही उणीव मोठी आहे.

हिंदी गोलंदाजांच्या पदकांवर उलट बॅटरीचा क्रमांक भेटतो. मुंबई लष्कराच्या गोलंदाजांतून 28 सप्टेंबर 1827 रोजी उभी राहिलेली तुकडी पुढे 5 (बॉम्बे) माउंटन बॅटरी झाली, आणि भारतीय तोफखाना आजही तोच दिवस ‘गनर्स डे’ म्हणून पाळतो. दुसऱ्या महायुद्धात तर ब्रिटिश सैनिकांना सरकारने कोरी पदकं दिली, हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र नावं घातली. आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीत चौथी मराठा अँटी-टँक रेजिमेंट लढली. तिच्यातल्या गोलंदाजाचं पदक त्याच्या नावानिशी ओळखता येतं. शेजारी लढलेल्या इंग्रजाचं येत नाही.

खानदेशाच्या उंबरठ्यावरचा अशीरगडही पदकांवरच्या या लेखनात आहे. 21 ऑक्टोबर 1803 रोजी तो किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. त्याची पट्टी असलेलं ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक निघालं ते 1851 मध्ये, तेही हयात असलेल्यांनाच. अठ्ठेचाळीस वर्षांत किती जण उरले असतील?

कडेवरची ओळ नाहीशी होण्याच्या वाटा अनेक आहेत. विकणारे कधी कानस मारून नाव उडवतात. अशा पदकाची कड हाताला पातळ लागते. 1980 च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा इंग्लंडातही युद्धपदकं आटवली गेली, आणि कित्येक घरांत जोडीचं ब्राँझचं पदक तेवढं राहिलं. जळगावच्या सराफ्याला लागून राहणाऱ्या आपल्याला हा धोका समजावून सांगायला नको. म्हणून घरात असं पदक निघालं, तर चिंच-राखेने घासण्याआधी ते खिडकीतल्या तिरप्या उजेडात धरावं, कडेवरची अक्षरं टिंबांसकट जशीच्या तशी वहीत उतरवावी, आणि त्या माणसाचं गाव व नातं घरातल्या जाणत्यांना विचारून त्याच पानावर लिहावं.