सरकता मजकूर आणि वाचकाची जागा

(शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयातील मेजावर कोणी उघडे ठेवलेले पुस्तक दुसरा सहसा मिटत नाही. वाचक क्षणभर उठून गेला, तरी परत आल्यावर त्याचे पान त्याची वाट पाहत असते. हा शिष्टाचार कोणाला शिकवावा लागत नाही. संगणकाच्या पडद्यावर मात्र तो आपोआप पाळला जात नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने तो आधी लिहून ठेवावा लागतो. पडद्यावरील मजकूर केव्हा, किती आणि कोणाच्या इच्छेने सरकावा, हा निर्णय वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु वाचकाचे स्वातंत्र्य त्यावर अवलंबून असते.

लांब गुंडाळीवरचे लेखन मराठी माणसाला अपरिचित नाही. मोडी पत्रांचे बंद एकाखाली एक चिकटवीत; जन्मपत्रिकाही गुंडाळून ठेवीत. पोथीने आणि बांधीव ग्रंथाने वाचकाला पान दिले आणि पानाबरोबर खूण ठेवण्याची सोय दिली. संगणकाने त्याला पुन्हा गुंडाळीकडे नेले. १९६३ च्या सुमारास आलेले ‘टेलिटाइप मॉडेल ३३’ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरे या गतीने कागदाच्या रिळावर छापी. गती मंद खरी, पण छापलेले हाती राही. मागचे पाहायचे तर कागद उचलला की झाले. पुढे कागदाची जागा काचेने घेतली. १९७८ च्या ‘व्हीटी १००’ या यंत्राच्या पडद्यावर २४ ओळी मावत. पंचविसावी ओळ आली की पहिली वर नाहीशी होई, आणि ती परत आणण्याचे साधन त्या यंत्रात नव्हते.

या अडचणीवरचा एक साधा उपाय त्याच वर्षी अमेरिकेतील बर्कली येथे निघाला. डॅनियल हाल्बर्ट यांचा ‘मोर’ हा प्रोग्राम पडदाभर मजकूर दाखवून थांबे आणि वाचकाने कळ दाबल्यावरच पुढे जाई. त्याला मागे येणे साधत नव्हते. ती उणीव मार्क नुडेलमन यांच्या ‘लेस’ने पुढील दशकात भरून काढली. यंत्राने वाचकासाठी थांबावे, हे तत्त्व येथे रुजले.

गुंडाळी स्वतःच्या हाताने वरखाली करण्याची सोय झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात विकसित झाली. तेथे पडद्यावर खिडक्या आल्या आणि खिडकीच्या कडेला स्क्रोलबार आला. प्रत्येक वेळी सर्व अक्षरे नव्याने रेखाटण्यात यंत्राचा फार वेळ जाई. १९७५ मध्ये डॅन इंगल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बिटब्लिट’ ही क्रिया सिद्ध केली. तिच्यामुळे आधी उमटलेल्या ठिपक्यांचा संपूर्ण चौकोन उचलून वर ठेवता येतो. नवी रेखाटावी लागते ती फक्त खाली उघडी पडलेली पट्टी.

स्क्रोलबारचे गणितही पाहण्याजोगे आहे. मजकूर १००० ओळींचा असून खिडकीत ४० ओळी दिसत असतील, तर सरकणारी पेटी पट्टीच्या पंचविसाव्या भागाएवढी असावी. १९८४ च्या मॅकिंटॉशवर पेटीचा आकार ठरलेला असे, त्यामुळे तिच्यावरून केवळ स्थान कळे. ‘विंडोज ९५’मध्ये तिच्या आकारावरून मजकुराची लांबीही कळू लागली. येथे नवशिक्याची हमखास चूक होते. खिडकीतील सर्वांत वरची ओळ फार तर ९६१ वी असू शकते. ही मर्यादा १००० धरली, तर शेवटी वाचकापुढे जवळजवळ कोरी खिडकी येते.

परंतु खरी कसोटी लागते ती मजकूर वाढत असताना. एखादे यंत्र आपल्या कामाची नोंद ओळीमागून ओळ लिहीत आहे. त्यावर देखरेख करणारा तंत्रज्ञ वर जाऊन तीनशेव्या ओळीतील बिघाडाची सूचना वाचतो आहे. इतक्यात नवी ओळ येते आणि प्रोग्राम त्याला तळाशी ओढून नेतो. तो पुन्हा वर जातो; पुन्हा तेच घडते. येथे मेजावरचे पुस्तक कोणीतरी वारंवार उलटत आहे. उलट, प्रोग्राम कधीच हलला नाही, तर ताज्या नोंदींवर नजर ठेवणाऱ्याची गैरसोय होते. तोड एका प्रश्नात आहे: नवी ओळ जोडण्यापूर्वी शेवटची ओळ वाचकाला दिसत होती काय? दिसत असेल, तर त्याला नव्या ओळीबरोबर न्यावे; नसेल, तर तो जेथे आहे तेथेच राहू द्यावे. हा प्रश्न ओळ जोडण्यापूर्वीच विचारला पाहिजे. नंतर विचारला, तर उत्तर बहुधा चुकीचे मिळते.

याच तत्त्वातून पुढचे नियम निघतात. जागा अपुरी पडून आरंभीच्या ५० ओळी टाकून द्याव्या लागल्या, तर वाचकाचे स्थानही ५० ओळींनी मागे घ्यावे, म्हणजे डोळ्यांसमोरचा मजकूर हलत नाही. खिडकी अरुंद केली की ओळी नव्याने मोडतात आणि त्यांचे क्रमांक बदलतात. म्हणून खूण ओळीच्या क्रमांकावर न ठेवता पहिल्या दिसणाऱ्या अक्षरावर ठेवावी. पडदाभर पुढे जाताना आधीच्या एकदोन ओळी वर राहू द्याव्यात, म्हणजे वाक्याचा धागा तुटत नाही.

देवनागरीची गरज आणखी वेगळी आहे. तिच्या वेलांट्या आणि मात्रा शिरोरेषेच्या वर, तर उकार अक्षराच्या खाली जातात. ओळीची उंची केवळ रोमन अक्षरांच्या मापाने धरली, तर सरकत्या पट्टीच्या कडेला ‘कु’चा उकार कापला जाऊन ‘क’ उरतो. लिपीचे शरीर न जाणता केलेले गणित वाचकाला चुकीचा शब्द वाचायला लावते.

शंभर वर्षे या ग्रंथालयाने वाचकाच्या हाती पुस्तक दिले आणि ते कोठे उघडावे, किती वेळ एका पानावर रेंगाळावे, हे त्याच्यावरच सोपविले. पडद्यावरच्या वाचकालाही एवढेच हवे आहे. नवे आलेले त्याला कळावे, परंतु त्याच्या हातचे जुने हिरावले जाऊ नये. जो प्रोग्रामर हे सांभाळतो, त्याचे काम कोणाच्या लक्षातही येत नाही. वाचकाचे लक्ष मजकुरावरच राहते, आणि तेच त्या कामाचे साफल्य होय.