सण भाद्रपदाचा, निर्णय वैशाखाचा

(ग्रामपंचायतींचे पदाधिकारी, अधिकारी व शिक्षक यांच्या तालुका पातळीवरील मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



सणासुदीच्या दिवसांत पर्यावरणाचे भान कसे राखावे, हा आजचा विषय आहे. या विषयावरील आपले बोलणे बहुधा गणेशचतुर्थीच्या आठ दिवस आधी सुरू होते आणि अनंतचतुर्दशीनंतर आठ दिवसांत संपते. शाळेत निबंधस्पर्धा होते, ग्रामपंचायतीवर फलक लागतो, प्रभातफेरी निघते. याचा काहीच उपयोग होत नाही असे मी म्हणणार नाही. परंतु फलक लागतो त्या दिवशी मूर्ती रंगून तयार झालेली असते, तिचा विसार दिलेला असतो आणि मंडपाचे सामानही येऊन पडलेले असते. तेव्हा केलेला उपदेश कानांपर्यंत जातो, पण हातांपर्यंत पोहोचत नाही. सणाचा पर्यावरणावर होणारा परिणाम सणाच्या दिवशी ठरत नसून तो तीन-चार महिने आधी ठरतो, एवढी एकच गोष्ट मला आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

गावतळ्याचा हिशेब

गणेशोत्सवापासूनच आरंभ करू. भाद्रपदात विसर्जन होते तेव्हा पावसाळा उतरणीला लागलेला असतो. तळी, पाझर तलाव, विहिरी तुडुंब भरलेल्या असतात. हे पाणी त्या दिवसापुरते नसते. पुढील सात-आठ महिने तेच गावाला पुरवावयाचे असते. दिवाळीनंतर ऊन वाढते, पाण्याची वाफ होऊन जाते, मात्र त्यात विरघळलेली द्रव्ये मागेच राहतात. म्हणजे भाद्रपदात तळ्यात जे पडते, ते वैशाखात अधिक दाट होऊन घागरीत येते.

प्लास्टर ऑफ पॅरिस हा पदार्थ जिप्सम नावाचा खनिज दगड सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तयार करतात. त्याला पाणी लागताच त्याचे पुन्हा जिप्सम बनते आणि ते घट्ट होते. जिप्सम पाण्यात फार सावकाश विरघळते. एका लिटरमध्ये जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. म्हणूनच विसर्जनानंतर कित्येक आठवडे मूर्तींचे भग्न अवशेष काठावर दिसत राहतात आणि भाविकांच्याच मनाला क्लेश होतो.

आता थोडे गणित करू. घरगुती मूर्तीत तीन किलो प्लास्टर आहे असे धरा. त्यात सुमारे दोन किलो सल्फेट असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात सल्फेट लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर ४०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे अशी एकच मूर्ती पूर्ण विरघळली, तर दहा हजार लिटर शुद्ध पाण्याला ती २०० च्या मर्यादेपर्यंत नेऊन पोहोचवील. तीनशे उंबऱ्यांच्या गावात तीनशे मूर्ती धरल्या, तर हा हिशेब तीस लाख लिटरांवर जातो. पन्नास मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि दोन मीटर खोल असे गावतळे म्हणजे नेमके तीस लाख लिटर पाणी. सर्व प्लास्टर एकाच वर्षी विरघळत नाही हे खरे. पण ते तळाशी साचून राहते आणि पुढच्या वर्षी त्यावर नवा थर पडतो. या क्षारांनी पाणी जड होते, डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. शिवाय चकचकीत रंगांत शिसे, क्रोमियम यांसारख्या जड धातूंची संयुगे असू शकतात. निर्माल्य पाण्यात कुजू लागले म्हणजे पाण्यातील प्राणवायू खर्च होतो आणि मासे मरतात.

आपल्या राज्यात पाणवठ्याला मोठा सामाजिक इतिहास आहे. गावच्या पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क असावा यासाठी डॉ. बाबा आढाव यांनी १९७२ साली ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ सुरू केली. इतक्या सायासाने सर्वांचा झालेला पाणवठा सर्वांनी मिळून नासवावा, ही गोष्ट कोणालाही शोभणारी नाही.

पार्थिव या शब्दाचा अर्थ

हे सांगू लागले की काही मंडळींना धर्माला बाध येईल अशी शंका वाटते. तिचे उत्तर पूजाविधीतच आहे. चतुर्थीला ज्याची स्थापना करावयाची तो ‘पार्थिव’ गणेश होय. पार्थिव म्हणजे मातीचा. उत्तरपूजेनंतर त्या मूर्तीतील देवत्वाचे विसर्जन झाले असे शास्त्र मानते. पुढे माती मातीला मिळावी एवढाच हेतू असतो. मूर्ती मोठी असावी असे विधीत कोठेही नाही, आणि घरच्या बादलीत ती विरघळवून ते पाणी तुळशीला किंवा परसातील झाडांना घातल्याने काही न्यून राहत नाही. १८९३ साली लोकमान्य टिळकांनी पुण्यात या उत्सवाला सार्वजनिक स्वरूप दिले, ते समाज एकत्र यावा म्हणून. ‘एक गाव एक गणपती’ ही कल्पना त्या हेतूच्या अगदी जवळची आहे. त्यामुळे वर्गणी, मंडप, वीज आणि मूर्ती या सर्वांची बचत होते आणि तंटेही टळतात.

पत्रीचेही असेच आहे. माका, आघाडा, डोरली, धोत्रा, रुई, शमी, दूर्वा ही पत्री बांधावर आणि पडिकात उगवणारी आहे. ती ओळखून, लागेल तेवढीच खुडून आणावी, अशी ही रीत होती. आता बाजारात ओळख नसलेल्या पाल्याची जुडी मिळते. शिक्षकांनी श्रावणात मुलांना शिवारात नेऊन या एकवीस वनस्पतींची ओळख करून दिली, तर वनस्पतिशास्त्राचा त्याहून चांगला धडा कोणता?

मूर्तिकाराची बाजू

या प्रश्नाची एक बाजू आपण नेहमी विसरतो, ती मूर्तिकाराची. त्याने प्लास्टर का स्वीकारले? शाडूची मूर्ती जड असते, वाळायला वेळ लागतो, पावसाळ्याच्या दमट हवेत ती आणखी रेंगाळते, आणि नेताना धक्का लागला तर तडकते. प्लास्टर साच्यात ओतले की थोड्या वेळात घट्ट होते. मूर्ती हलकी, गुळगुळीत आणि स्वस्त पडते. शाडू बहुतांशी गुजरातेतून येतो, त्याचे भाडे निराळे. पेण आणि हमरापूर परिसरात तर जवळजवळ वर्षभर हे काम चालते आणि त्यावर हजारो हातांना रोजगार मिळतो. गावोगावचे कुंभारही उन्हाळ्यातच माती भिजवू लागतात. अशा माणसाला श्रावणात जाऊन ‘शाडूच्याच मूर्ती करा’ असे सांगणे म्हणजे पेरणी झाल्यावर बियाणे बदलावयास सांगणे होय. त्याचे भांडवल अडकलेले असते. तो आपले ऐकणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

मात्र अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गावाने त्याला सांगितले की, यंदा आम्हांला अमुक इतक्या मूर्ती शाडूच्या, एक फुटाच्या आतील हव्यात आणि थोडा विसार आताच देतो, तर तो आनंदाने ते काम घेईल. मागणी आधी कळली म्हणजे माती एकत्र आणता येते, भाडे वाटले जाते आणि किंमत उतरते.

नियम काय सांगतात

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाबाबत २०१० साली मार्गदर्शक सूचना दिल्या आणि मे २०२० मध्ये त्या सुधारून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जून २०२५ रोजी अशा मूर्ती घडविण्यास मुभा दिली; परंतु न्यायालयाच्या परवानगीविना त्या नैसर्गिक जलाशयांत विसर्जित करू नयेत असे बजावले. २४ जुलै २०२५ च्या आदेशात सहा फुटांपर्यंतच्या अशा मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित करण्यास सांगितले. त्या त्या वर्षीचे आदेश ग्रामपंचायतीने मागवून घ्यावेत. सजावटीच्या थर्माकोलवर राज्याने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आणि केंद्राने १ जुलै २०२२ पासून बंदी घातली आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत; त्यांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकास मनाई आहे. सणांसाठी मिळणारी सवलत मोजक्या दिवसांची व मध्यरात्रीपर्यंतचीच असते.

नियम पुष्कळ आहेत. पण विसर्जनाच्या रात्री काठावर उभा असलेला एक पोलीस शिपाई ते पाळवून घेऊ शकत नाही. गावाने पर्याय तयार ठेवला असेल तरच नियम पाळला जातो.

चार ग्रामसभा, चार निर्णय

हा पर्याय तयार करण्याची जागा म्हणजे ग्रामसभा. सुदैवाने आपल्या ग्रामसभांचे दिवस सणांच्या आधी अगदी सोयीचे येतात.

१ मे, महाराष्ट्र दिन. या ग्रामसभेत गणेशोत्सवाचा ठराव व्हावा. किती घरांना शाडूची मूर्ती हवी याची यादी, मूर्तिकाराशी बोलणी, सार्वजनिक मूर्तीची उंची आणि विसर्जनाच्या हौदाची जागा, एवढे चार मुद्दे पुरेत. हौद म्हणजे फार मोठे बांधकाम नव्हे. पिण्याच्या विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला खड्डा खणून त्यात जाड ताडपत्री अंथरली की काम भागते. त्यात विरघळलेला शाडू वाळवून मूर्तिकाराला परत देता येतो. पुढील वर्षी त्याच मातीची मूर्ती घडते. निर्माल्य वेगळे घेऊन त्याचे खत करावे. ज्यांच्या घरी प्लास्टरचीच मूर्ती आली असेल त्यांच्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचविलेला उपाय आहे. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात मूर्ती ठेवली म्हणजे प्लास्टरचे रूपांतर खडूसारख्या चुन्यात व अमोनियम सल्फेटमध्ये होते. मात्र उग्र वास येत असल्याने हे काम उघड्यावर करावे, आणि रंगांतील धातू याने नाहीसे होत नाहीत हे ध्यानात ठेवावे. हा राहिलेल्यांसाठीचा उपाय आहे, पहिला नव्हे.

१५ ऑगस्ट, स्वातंत्र्य दिन. हा दसरा आणि दिवाळीचा विचार करण्याचा दिवस. दसऱ्याला सोने म्हणून आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. आपटा न मिळाल्यास त्याच्या जवळच्या कांचनवर कुऱ्हाड चालते. रघुराजा आणि कौत्स यांच्या कथेत सोने वाटले गेले, झाड तोडले गेले नाही. एकेक पान देऊन सण साजरा करावा आणि पावसाची ओल आहे तोवर शाळेच्या आवारात, गायरानात आपट्याची रोपे लावून घ्यावीत. दिवाळीच्या वेळी खळ्यावर सोयाबीनच्या गंजी आणि गोठ्यापाशी कडबा असतो. तेव्हा फटाके कोठे उडवावेत आणि कोठे मुळीच नाहीत हे आधीच ठरावे. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली व बेरियमचे क्षार निषिद्ध केले. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेल्या फटाक्यांतून धूलिकण सुमारे तीस टक्के कमी निघतात; म्हणजे सत्तर टक्के निघतातच, हेही मुलांना समजावून सांगावे.

२ ऑक्टोबर, गांधी जयंती. हा हिशेबाचा दिवस. तोवर अनंतचतुर्दशी झालेली असते. हौदात किती मूर्ती आल्या, तळ्यात किती गेल्या, किती निर्माल्याचे खत झाले, हे ग्रामसभेत वाचून दाखवावे. विसर्जनापूर्वी आणि नंतर तळ्याच्या पाण्याची तपासणी करून ते आकडे फळ्यावर लिहावेत. दरवर्षी ते काम शाळेच्या विज्ञानमंडळाकडे दिले, तर पाच वर्षांत गावाजवळ स्वतःची नोंद तयार होईल.

२६ जानेवारी, प्रजासत्ताक दिन. होळी साधारण दीड-दोन महिन्यांवर असते. गल्लोगल्ली होळ्या पेटविण्याऐवजी एक होळी, तीही वाळलेला पालापाचोळा, काटक्या व गोवऱ्यांची, असा ठराव आताच व्हावा. ओल्या झाडावर घाव पडल्यावर नव्हे. पुरणपोळ्या अग्नीत न टाकता त्या गोळा करून भुकेल्यांना देण्याचा उपक्रम महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने अनेक गावांत रुजविला आहे, तोही अंगीकारावा.

मित्रहो, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. परंतु हे कर्तव्य एकेकट्या कुटुंबावर टाकून भागत नाही. शाडूची मूर्ती शोधत तालुक्याचे गाव पालथे घालणारा गृहस्थ दुसऱ्या वर्षी थकतो. गावाने मिळून तीच मूर्ती दारात उपलब्ध केली, तर ती रीत होऊन जाते. आपण येथे जमलेली मंडळी अशी व्यवस्था लावू शकणारी आहात. सणाचा आनंद कमी करा असे सांगण्यासाठी मी आलो नाही. येत्या १ मेच्या ग्रामसभेची विषयपत्रिका लिहिताना टंचाईच्या विषयाखाली ‘गणेशोत्सवाचे नियोजन’ ही एक ओळ वाढवावी, एवढीच माझी विनंती आहे. त्या दिवसांत गावतळ्याचा तळ उघडा पडलेला असतो. तो एकदा सर्वांनी जाऊन पाहावा आणि मग ठराव मांडावा.