तबकडीची पोडी आणि तिची राखण



हुमनाबाद तालुक्यातील शेतकऱ्यास 'पोडी' या शब्दाचा अर्थ समजावून देण्याचे कारण नाही. एका सर्व्हे नंबरचे हिस्से पडले, प्रत्येकाची मोजणी होऊन त्यास स्वतंत्र क्रमांक मिळाला, म्हणजे पोडी झाली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बीदर जिल्हा हैदराबाद राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आला. राज्य बदलले, दप्तराची भाषा बदलली. परंतु तेवढ्याने कोणाच्या शेताचा बांध हलला नाही. पुढे 'भूमी' योजनेखाली कर्नाटकातील सुमारे 2 कोटी पहाणी-नोंदी संगणकावर चढल्या, तेव्हाही नोंदीचे साधन बदलले, जमीन तीच राहिली.

संगणकातील साठवणुकीच्या तबकडीचेही असेच हिस्से पाडलेले असतात. एका हिश्श्यात संगणक चालविणारी प्रणाली, दुसऱ्यात स्मृतीस पूरक अशी 'स्वॅप' जागा, आणि तिसऱ्यात, म्हणजे 'होम' मध्ये, माणसांचे काम: विद्यार्थ्यांचे निबंध, शिक्षकांच्या प्रश्नपत्रिका, गुणतक्ते. हिश्श्यांची नोंद तबकडीच्या आरंभी असते. जुन्या पद्धतीत ती पहिल्या 512 बाइटांत मावत असे व तीत चारच मुख्य हिस्से नोंदविता येत. नव्या 'जीपीटी' पद्धतीत सामान्यतः 128 हिश्श्यांची सोय असून नोंदीची दुसरी प्रत तबकडीच्या शेवटी ठेवलेली असते.

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 1991 साली जिचा गाभा रचला, ती लिनक्स प्रणाली विनामूल्य मिळते. केरळच्या शाळांनी मुक्त प्रणालीचा मोठ्या प्रमाणावर अंगीकार केला. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियनच्या आधारे 'बॉस' ही भारतीय आवृत्ती तयार केली. वीस संगणकांच्या प्रयोगशाळेत प्रत्येक यंत्रापुढे बसून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडविणे कंटाळवाणे असते. म्हणून सर्व उत्तरे एका फाइलीत आधीच लिहून ठेवण्याची सोय आहे. रेड हॅटच्या कुळात तिला 'किकस्टार्ट', डेबियनमध्ये 'प्रीसीड', तर सुसेमध्ये 'ऑटोयास्ट' म्हणतात.

सोय मोठी, आणि धोकाही तिच्यातच. माणूस पुसण्यापूर्वी थबकतो. फाइल थबकत नाही. किकस्टार्टमधील 'क्लिअरपार्ट ऑल' ही एक ओळ वीसही तबकड्यांवरील सर्व हिस्से निमूटपणे मोडते. 'क्लिअरपार्ट लिनक्स' असे लिहिल्यास 'होम' वाचेल, ही समजूतही खोटी आहे. कारण तो हिस्साही लिनक्सचाच असतो.

हाताने प्रणाली बसविल्यावर रेड हॅट कुळातील यंत्र दिलेल्या उत्तरांची फाइल स्वतःच लिहून ठेवते. जुन्या आवृत्त्यांत तीमधील हिश्श्यांच्या ओळींपुढे हॅशचे चिन्ह घालून त्या निष्क्रिय केलेल्या असत. हे न्यून नव्हे, सावधगिरी होती. कोणी तीच फाइल दुसऱ्या यंत्रास लावली तरी तेथील माहिती पुसली जाऊ नये. नंतरच्या आवृत्त्यांत या ओळी सक्रिय स्थितीतही आढळतात. तेव्हा अशी फाइल वापरण्यापूर्वी ओळ न् ओळ वाचणे अवश्य आहे.

जुने हिस्से राखावयाचे असल्यास काही नियम पाळावेत. प्रथम, 'होम' आरंभापासूनच स्वतंत्र हिश्श्यात ठेवावे. दुसरे, फाइलीत 'क्लिअरपार्ट नन' लिहून प्रत्येक हिश्श्याचा 'ऑनपार्ट' या शब्दाने नावानिशी निर्देश करावा, आणि 'होम'पुढे 'नोफॉरमॅट' हा शब्द न चुकता घालावा. (या आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहावयाच्या असतात, येथे केवळ उच्चार दिला आहे.) तिसरे, 'एसडीए', 'एसडीबी' या नावांवर विसंबू नये. एखादा पेनड्राइव्ह लावलेला असला तरी क्रम बदलू शकतो. म्हणून तबकडीची कायम ओळख लिहावी. डेबियनच्या प्रीसीडमध्ये स्वयंचलित मांडणी संपूर्ण तबकडीवर किंवा मोकळ्या जागेवरच करता येते. तेथे जुने हिस्से जसेच्या तसे वापरावयाचे असल्यास तो टप्पा हातानेच उरकणे श्रेयस्कर.

याखेरीज 'एसएफडिस्क' या साधनाने हिश्श्यांची नोंद मजकुराच्या रूपात उतरवून घेता येते. ती दुसऱ्या यंत्रावर ठेवावी व तिची छापील प्रत प्रयोगशाळेच्या नोंदवहीत चिकटवावी. मात्र पहाणीचा उतारा म्हणजे शेतातील पीक नव्हे. नोंद परत मिळाल्याने बांध परत आखता येतील. बांधाआतील पुसला गेलेला मजकूर तेवढ्याने परत येणार नाही. त्यासाठी मजकुराचीच वेगळी प्रत हवी. आणि नवी फाइल सर्व यंत्रांवर लावण्यापूर्वी एकाच यंत्रावर, तेही ज्यात कोणाचे काम नाही अशा यंत्रावर, पडताळून पाहावी.

सीमाभागातील शाळेच्या संगणकावर कन्नड, मराठी व उर्दू या तिन्ही भाषांतील मुलांचे लिखाण असू शकते. त्यातील बरेचसे अन्यत्र कोठेही नसते. प्रणाली बाजारातून पुन्हा आणता येते. मुलाने वर्षभर लिहिलेली वही पुन्हा आणता येत नाही. मोजणीदार साखळी टाकण्यापूर्वी जुना नकाशा उघडतो. प्रयोगशाळेचा भार ज्याच्यावर असेल त्यानेही आज्ञेची कळ दाबण्यापूर्वी तेवढीच तसदी घ्यावी.